गायरान, राब आणि ट्रेंड मास्तर : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात जुन्या महसुली कागदांविषयी एक टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे इंग्रजी अमलातील जमीन, जंगल आणि शाळाखाते यांच्या नियमांविषयी आहेत. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या डोंगरउताराला आजोबा 'गायरान' म्हणत. सातबाऱ्यावर त्या नंबरापुढे 'मुफत गुरचरण' असे लिहिले आहे. वनखात्याची माणसे मात्र ते राखीव वन असल्याचे सांगून हद्दीचे बुरूज दाखवतात. दोन्ही प्रकार इंग्रजांनीच राखून ठेवलेल्या जमिनीचे असतील, तर त्यांत फरक कोणता आणि खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, अकोले

उत्तर : 'राखून ठेवलेली' या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या गेल्यामुळे हा घोटाळा होतो. मुंबई इलाख्यात सरकारने जमीन दोन कायद्यांखाली राखली. एक कायदा महसूल खात्याचा होता व दुसरा जंगल खात्याचा. पहिल्या कायद्याने जमीन गावासाठी राखली जाई आणि दुसऱ्याने ती बहुतेक वेळा गावापासून राखली जाई.

आधी महसुली बाजू पाहू. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची पाहणी सुरू केली व हळूहळू ती सगळ्या इलाख्यात पसरली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, जमिनीच्या प्रतीप्रमाणे आकार (म्हणजे सारा) आणि तो आकार तीस वर्षे कायम, असे तिचे स्वरूप होते. ही पाहणी होईपर्यंत गावाच्या शिवारातील माळ, डोंगरउतार, ओढ्याकाठची जागा यांवर कोणाचेही नाव नव्हते आणि नाव असण्याची गरजही कोणाला भासली नव्हती. तेथे गावची गुरे चरत, आणि गावाच्या दृष्टीने मालकीचा तेवढा पुरावा पुरेसा होता. पाहणीने या जागांनाही नंबर दिले आणि खातेदार नसल्यामुळे ते नंबर 'सरकारी पड' म्हणून मांडले. पुढे १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात, कलम ३७ खाली, कोणाचीही मालकी शाबीत होत नाही अशी सर्व जमीन सरकारची, हे तत्त्व कायमचे झाले.

त्याच कायद्याचे कलम ३८ आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. सरकारच्या मालकीची व कोणाच्याही कायदेशीर कब्जात नसलेली जमीन गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी, जंगल राखण्यासाठी किंवा इतर कोणत्याही सार्वजनिक कामासाठी नेमून देण्याचा अधिकार या कलमाने सर्व्हे अधिकाऱ्याला, आणि पाहणी संपल्यानंतर कलेक्टरला दिला. एकदा नेमून दिलेली जमीन कलेक्टरच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामाला लावता येत नसे. कलम ३९ने असेही ठरवले की अशा चराईच्या जमिनीवर ज्या गावाला ती नेमून दिली त्याच गावच्या गुरांचा हक्क राहील. सातबाऱ्यावरील 'मुफत गुरचरण' हे शब्द तेथून आले आहेत. त्यांतील 'मुफत' म्हणजे चराईची फी नाही, एवढेच. जमीन गावाच्या मालकीची झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. मालक सरकारच राहिले, वापर मात्र गावाला नेमून दिला गेला. आज लागू असलेल्या १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलमे २२ व २३ वाचली, तर १८७९ची भाषा जवळजवळ तशीच पुढे आलेली दिसेल.

जंगल खात्याचा मार्ग वेगळा होता. १८७८च्या जंगल कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले. राखीव वन करण्याची रीत ठरलेली होती व १९२७च्या कायद्यात तीच कायम राहिली. आधी सरकारी राजपत्रात कलम ४ची अधिसूचना निघे आणि अमुक जमीन राखीव करण्याचा सरकारचा इरादा जाहीर होई. मग जंगल जमाबंदी अधिकारी आसपासच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा लावी आणि ज्यांचे काही हक्क असतील त्यांनी निदान तीन महिन्यांच्या मुदतीत ते लेखी किंवा समक्ष मांडावेत, असे कळवी. चौकशी होई, मान्य झालेले हक्क नोंदले जात, आणि शेवटी (१९२७च्या कायद्यातील क्रमांकाप्रमाणे) कलम २०ची अधिसूचना निघाली म्हणजे ते वन राखीव होई. मुदतीत मांडला गेला नाही आणि चौकशीतही अधिकाऱ्याच्या लक्षात आला नाही, असा हक्क कायद्याने बुडाला.

हा जाहीरनामा चावडीवर कसा वाचला गेला असेल, याची कल्पना करून पाहावी. तो मराठीत होता, ही कायद्याची सोय खरी. पण डोंगरातल्या ठाकरवाडीत किंवा महादेव कोळ्यांच्या पाड्यावर त्या काळी मराठी वाचणारे कोण होते? तो वाचून दाखवणार कुलकर्णी किंवा, शाळा असलीच तर, मास्तर. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या ज्या उतारावर आपण गुरे चारतो, तेथे आपला 'हक्क' आहे असा अर्ज करावा लागतो, हीच गोष्ट ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटली असणार.

यातील खरी मेख अशी की जंगल कायद्याप्रमाणे केवळ झाडी असलेलीच नव्हे, तर सरकारी पडीत जमीनही राखीव करता येत असे. त्यामुळे सर्व्हेत गुरचरण म्हणून मांडलेले नंबर पुढे जंगलात ओढले गेले. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नेमकी हीच तक्रार केली आहे. डोंगर, दऱ्याखोरी, पडीत जमिनी आणि त्यांच्या भरीला गायराने घालून जंगल खाते वाढवले गेले व शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, असा त्यांचा आरोप होता. कायदा होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तक्रारीचे वजन कळते.

राखीव झालेल्या रानात गुरे शिरली, तर मामला कोंडवाड्यावर जाई. १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याशी जंगल कायद्याची सांगड घातलेली होती. राखीव वनात शिरलेले जनावर सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारे जनावर समजले जाई. राखा, म्हणजे जंगल खात्याचा पहारेकरी, गुरे हाकत चावडीशेजारच्या कोंडवाड्यात आणी. चार गडगे आणि एक लाकडी फाटक एवढाच त्याचा थाट. दर जनावरामागे दंड आणि जितके दिवस ते आत राहील तितक्या दिवसांच्या चाऱ्याचा खर्च भरल्याशिवाय ते फाटक उघडत नसे. ऐन पेरणीत बैल कोंडवाड्यात असणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आता आपल्या गावापुरते बोलायचे तर 'गायरान' हे लोकांच्या तोंडचे नाव किंवा वनखात्याने दाखवलेले बुरूज, यांपैकी कशावरही एकट्यावर निर्णय होत नाही. तलाठ्याकडे गाव नमुना १-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही आणि १-ब म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही असते. आपला सर्व्हे नंबर कोठे लागला आहे, ते आधी पाहावे. मग वनखात्याकडे राजपत्रातील अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मागावी आणि ती कलम ४ची आहे की कलम २०ची, हे नीट पाहावे. महाराष्ट्रात अशी पुष्कळ क्षेत्रे आहेत की ज्यांची कलम ४ची अधिसूचना निघाली, पण हक्कांची चौकशी पुरी होऊन कलम २०पर्यंत गाडी गेलीच नाही. आपले क्षेत्र त्यांत मोडत असेल, तर सातबाऱ्यावरील 'मुफत गुरचरण' ही नोंद आपण समजता त्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

प्रश्न : ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत राबासाठी म्हणे सरकारला आयोग नेमावा लागला. मूठभर पालापाचोळ्यासाठी एवढा गदारोळ का झाला असावा? जंगल राखणे ही मुळात वाईट गोष्ट आहे काय?
— एक वाचक, कर्जत

उत्तर : मूठभर पाला हे वर्णन पुण्यामुंबईच्या माणसाने केले असते तर समजलो असतो, कर्जतच्या माणसाने करावे, याचे नवल वाटते. आपल्याकडे अजूनही चैत्र-वैशाखात आवणाच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर शेण पसरून त्यावर टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वरून मातीचा थर देऊन राब भाजतात. त्या भाजणीने तणाचे बी जळते, माती मोकळी होते, राख खताचे काम करते, आणि पहिल्या पावसावर पेरलेले भात जोमाने उगवते. एवढ्याशा वाफ्यातले आवण मग पुढे कितीतरी मोठ्या खाचरात लावले जाते. राब फसला तर आवण फसले, आणि आवण फसले तर लावणीच नाही. म्हणून राबाचा प्रश्न हा पाल्याचा नसून वर्षाच्या भाताचा होता.

हा टहाळ कोठून येई? शेतकऱ्याच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीतून आणि डोंगरातल्या ऐनासारख्या झाडांच्या फांद्यांतून. पाहणीत खाचराच्या जोडीला वरकस ठेवण्याची रीतच मुळी त्यासाठी पडली होती. पण डोंगरातला जो भाग राखीव झाला, तेथे कोयता लावणे हा गुन्हा ठरला. जंगल खात्याच्या दृष्टीने राब ही रानटी उधळपट्टी होती. झाडाच्या फांद्या उतरवून त्या जाळायच्या, यात लाकडाचे नुकसान कोणालाही दिसत होते. त्यातून निघणारे भात मात्र महसूल खात्याच्या हिशेबात जमा होत होते. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी एकाच झाडाकडे असे दोन तोंडांनी पाहिले.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग टाळता येण्यासारखा नाही. जंगल राखण्याची गरज खोटी नव्हती. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग लागे. १८५३ मध्ये रेल्वे सुरू झाली, आणि पुढे बोरघाट व थळघाट फोडून ती देशावर गेली, तेव्हा रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी रानेच्या राने बसू लागली. पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले कॉन्झर्व्हेटर म्हणून नेमणूक झाली, ती ही तोड दिसू लागल्यामुळेच. डोंगर बोडके झाले की झरे आटतात आणि ओढ्यांतून माती वाहून जाते, हे गिब्सन यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांना कळत होते. मात्र डोंगर बोडके करण्यात गोदी, रेल्वे आणि ठेकेदार यांचा वाटा मोठा असताना राखण्याचा भार मुख्यतः कोयतेवाल्यावर पडला. माझ्या मते कायद्याचा दोष राखण्यात नव्हता; तो या वाटणीत होता.

ठाण्यातील सधन शेतकरी, वकील आणि जमीनदार यांनी १८८०च्या दशकाच्या मध्यास ठाणे फॉरेस्ट असोसिएशन स्थापन केली व सरकारकडे गाऱ्हाणी मांडली. त्यावरून १८८५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात राबाचे, चराईचे, मोळीविक्याचे, ताडीच्या झाडांचे आणि राख्यांच्या त्रासाचे प्रश्न आले. येथे एक तिरपी गोष्ट सांगण्याजोगी आहे. कातकरी आणि ठाकूर यांच्या नावाने बोलणारे पुढारी स्वतः बहुधा कातकरी किंवा ठाकूर नव्हते. त्यांच्यापैकी कित्येकांचे स्वतःचे लाकडाचे हितसंबंध होते, हे सरकारी अधिकारी आवर्जून नोंदवत. त्या नोंदीत मत्सर होता, तसे तथ्यही होते. पण त्यामुळे मोळीवाल्याचे गाऱ्हाणे खोटे ठरत नाही.

आयोगानंतर काही नियम सैल झाले. मात्र दिले गेले ते बहुतेक 'सवलत' या नावाने दिले गेले. जुन्या कागदांत 'हक्क' आणि 'सवलत' हे दोन शब्द काळजीपूर्वक निराळे पाहावेत, अशी या सदराच्या वाचकांना माझी विनंती आहे. हक्क बुडवायचा तर सरकारला कारण द्यावे लागते. सवलत मागे घ्यायला एक परिपत्रक पुरते. १८७९च्या कायद्यातही राखीव जमिनीतील झाडांविषयी गावकऱ्यांना जे काही दिले आहे, ते सवलतींच्या भाषेत आणि सरकारच्या नियमांवर सोपवून दिले आहे. कुलाब्यातील दळी जमिनी आणि ठाणे-नाशिककडचे एकसाली प्लॉट हे याच भाषेचे पुढचे रूप होते. वनात नाचणी-वरई पिकवायला जमीन दिली, पण पट्टा असा की कसणाऱ्याच्या पायाखाली ती पक्की होऊ नये. एकसाली याचा अर्थच दर वर्षी नव्याने.

सरकारच्या बाजूनेही निराळा आवाज नव्हता असे नाही. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी १८९३च्या अहवालात राबाची दखल घेतली, आणि जंगल खात्याने शेतीच्या गरजांकडे पाहावे असे आग्रहाने मांडले. १८९४ मध्ये हिंदुस्थान सरकारने जे वनधोरण जाहीर केले, त्यावर या अहवालाची छाप आहे. पण धोरण सिमल्याला आणि कोयता कर्जतला, यांच्या दरम्यान राखा उभा होता. १९३०च्या सत्याग्रहाला मिठागरांइतकीच राखीव रानेही सापडली, ती उगाच नव्हे. लोकनायक अणे पुसदला जंगलात गवत कापायला गेले, साताऱ्याच्या बिळाशीला लोक उठले, आणि आपल्या जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या आक्कादेवीच्या माळावर गोळीबार होऊन माणसे पडली.

प्रश्न : माझ्या पणजोबांचे एक प्रमाणपत्र घरात सापडले. ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात 'दुसऱ्या वर्षाचे' होते असे त्यावरून दिसते. घरात असे सांगतात की त्यांचा पगार शेतसाऱ्यातून निघे. हे कसे शक्य आहे? आणि दुसरे वर्ष म्हणजे ते नापास झाले होते काय?
— एक वाचक, वाई

उत्तर : आपले पणजोबा नापास झाले नव्हते, हे आधी सांगून टाकतो. मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण वर्षावर्षाचे असे, आणि उमेदवार ज्या वर्षाची परीक्षा उतरून बाहेर पडे, त्या वर्षाचा तो 'ट्रेंड मास्तर', म्हणजे प्रशिक्षित मास्तर, म्हणवला जाई. पहिल्या वर्षाचा, दुसऱ्या वर्षाचा आणि तिसऱ्या वर्षाचा अशी ती चढती भाजणी होती. तिच्यावर पगार आणि शाळेचा दर्जा ठरत असे. कित्येक जण एक-दोन वर्षे शिकून नोकरीला लागत आणि पुढचे वर्ष मग सवडीने करीत. सातवी पास होऊन, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल उतरून, थेट शाळेवर लागलेला 'अनट्रेंड' मास्तर आणि ट्रेनिंग कॉलेजातून आलेला ट्रेंड मास्तर यांत गाव भेद करीत असे. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, तर करीतच.

ही व्यवस्था एकदम आली नाही. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२६ मध्ये मुंबईत चोवीस शिक्षक तयार करून मराठी आणि गुजराती मुलुखात शाळा काढायला पाठवले, तेथून इलाख्यात सरकारी शिक्षकांचा इतिहास सुरू होतो. त्याआधी गावात पंतोजी होते आणि त्यांची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या तरी पडवीत धूळपाटीवर चाले. १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्याच्या नॉर्मल वर्गाचे काम बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १८५४च्या वुड यांच्या खलित्याने शिक्षकांचे प्रशिक्षण हे सरकारचे कर्तव्य ठरवले, १८५५ मध्ये इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते उभे राहिले, आणि मग पुणे मराठीसाठी, अहमदाबाद गुजरातीसाठी व धारवाड कानडीसाठी अशी प्रशिक्षणाची केंद्रे बसत गेली. विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळे. कॉलेजाला जोडून एक सरावाची शाळा असे, आणि भावी मास्तराने तिथे वर्ग घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून चुका टिपायच्या, अशी रीत होती. आजचे 'पाठ घेणे' त्याच रीतीचे आहे.

आता शेतसाऱ्याविषयी. आपल्या घरची गोष्ट खरी आहे. १८६०च्या दशकात मुंबई सरकारने सारा भरणाऱ्याकडून दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात केली. त्याला लोकल फंड म्हणत. १८६९च्या कायद्याने ती वसुली पक्की झाली. त्या आण्याचे तीन वाटे करून दोन रस्ते वगैरे कामांना आणि एक शिक्षणाला जाई. म्हणजे वीस रुपये सारा भरणारा कुणबी वर वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया, भरत होता आणि त्यातील सुमारे सहा आणे आठ पै शाळाखात्यात जात होते. गावात शाळा असो वा नसो, आणि त्याचे पोर शाळेत जात असो वा नसो, आणा चुकत नव्हता.

ही विसंगती महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे मांडली. त्यांच्या निवेदनात शिक्षकांविषयीचा भाग फार बारकाईने लिहिलेला आहे, आणि वाचकांनी तो मुळातून वाचावा. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले व बाकीचे अप्रशिक्षित आहेत, आणि पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो, असे त्यांनी सांगितले. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना निदान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये पगार असावा, असे त्यांनी सुचवले. शक्य तर ते शेतकरी वर्गातून घ्यावेत. वेळ पडली तर नांगराची रुमणी किंवा सुताराची वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे असावेत, हीही त्यांची सूचना होती. प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमावर पुढे पुष्कळ समित्या बसल्या. 'मास्तराच्या हाताला नांगर चालेल का' असा प्रश्न त्यांतल्या कितींनी विचारला असेल, याविषयी मला शंका आहे.

१९२३च्या कायद्याने प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून जिल्हा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या. पणजोबांचे प्रमाणपत्र त्याआधीचे असेल, तर ते शिक्षण खात्याचे नोकर; नंतरचे असेल, तर बोर्डाचे. पगारपत्रकावरचे नाव तेवढे बदलले; आण्याचा उगम बांधावरच राहिला.

प्रश्न : पुण्यात बायकांचेही ट्रेनिंग कॉलेज होते काय?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : होते. मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या तेव्हा मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका नाहीत, ही अडचण त्यांनी सरकारपुढे ठेवली, आणि पुण्याचे फीमेल ट्रेनिंग कॉलेज १८७० मध्ये निघाले. आरंभी विद्यार्थिनी मिळणे हीच मारामार होती. म्हणून मास्तरांच्या बायकांनी शिकावे यासाठी उत्तेजन देण्यात आले. नवरा मुलांच्या शाळेवर आणि बायको मुलींच्या शाळेवर, अशी एकाच गावी नेमणूक झाली की घरही मोडत नाही, असा त्यामागील व्यवहारी विचार होता. पुष्कळ घरांतल्या जुन्या फोटोंत नऊवारी नेसून खुर्चीशेजारी उभी असलेली 'मास्तरीण' ही केवळ मास्तरांची बायको नसून स्वतः मास्तरीण असू शकते, एवढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमच्याकडे गायरानाला 'ई-क्लास' म्हणतात. आपण वर सांगितलेले मुंबईचे कायदे वऱ्हाडालाही लागू होते का? आणि हे जुने कागद शोधून आज काही उपयोग आहे का?
— एक वाचक, वाशीम

उत्तर : नव्हते. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेला प्रांत होता. त्याचे महसुलाचे आणि जंगलाचे नियम निराळे होते. तेथे जंगलाचे आणि सरकारी पडीत जमिनींचे इंग्रजी अक्षरांनी वर्ग पाडण्याची रीत होती. गावच्या चराईच्या जमिनीला मिळालेले 'ई-क्लास' हे नाव त्यातूनच उरले आहे. कायदा गेला तरी अक्षर जिभेवर राहिले. पूर्व विदर्भात मध्य प्रांताची पद्धत होती, म्हणून तेथे 'निस्तार' (म्हणजे चराई, सरपण यांसारखे गावाचे वहिवाटीचे वापर) आणि 'झुडपी जंगल' हे शब्द ऐकू येतात. झुडपी जंगल हे महसुली कागदांतले नाव असले, तरी ती वनजमीनच मानावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आहे. शिक्षकांच्या बाबतीतही तुमच्याकडचा शब्द वेगळा आहे; पुण्याकडच्या 'ट्रेंड' मास्तराला नागपूर-अकोल्याकडे 'नॉर्मल पास' म्हणत.

उपयोगाविषयी म्हणाल, तर तो थेट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत, दाव्याचा पुरावा म्हणून गॅझेटिअर, जनगणना, सर्व्हे व जमाबंदीचे अहवाल, वनखात्याच्या कार्य आयोजना आणि चौकशी समित्यांचे अहवाल ग्राह्य धरले आहेत. तेव्हा गावातले जुने फैसलपत्रक, आकारबंद आणि निस्तारपत्रक हे कागद अर्जाला जोडता येतात. त्यांच्या नकला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आणि जिल्ह्याच्या अभिलेखकक्षात मागाव्यात. अर्जात सर्व्हे नंबराबरोबर जुना नंबरही लिहावा, कारण पुनर्मोजणीत नंबर बदलले आहेत आणि अभिलेखकक्षातला कारकून जुन्या बस्त्यात जुनाच नंबर पाहणार. मोडीतील पान मिळाले तर ते आधी लिप्यंतर करून घ्यावे आणि मगच जोडावे.